पिकचा कोन आणि वेगाची भिंत

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात एक सल्ला हमखास मिळतो. मेट्रोनोम लाव, ६० वर सुरू कर, चुकेनासं झालं की दोन-चार बीट वाढव. सल्ला चांगला आहे आणि बराच काळ तो उपयोगीही पडतो. ६० वरून ८०, ८० वरून १०० पर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ११०-१२० च्या आसपास कुठेतरी घोडं अडतं. ११८ ला नीट वाजणारा तुकडा १२२ ला फिसकटतो. मुलं तिथे महिनोन्महिने अडकून पडतात, मनगट आवळलं जातं, खांदा कानाकडे चढतो आणि शेवटी ‘माझ्या हातातच तो वेग नाही’ असं ती मनाशी पक्कं करून टाकतात. बहुतेकांच्या बाबतीत हा निष्कर्ष साफ चुकीचा असतो, आणि तो चुकीचा का हे त्यांना कुणी सांगत नाही.

जलद वाजवणं म्हणजे हळू वाजवण्याचीच ताणून वाढवलेली पायरी नव्हे. चालताना एक तरी पाय सतत जमिनीवर असतो. धावताना मध्ये एक क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात. चालण्याचा वेग रोज थोडाथोडा वाढवत नेला तर माणूस फार भराभर चालायला शिकेल, पण धावायला शिकणार नाही. त्यासाठी कधीतरी चाल बदलावीच लागते. गिटारवरही तसंच आहे. संथ लयीत हात ज्या पद्धतीनं चालतो ती पद्धत एका मर्यादेपुढे चालतच नाही, आणि संथ लयीत ती चूक कळतही नाही, कारण तिथे कुठलीही हालचाल खपून जाते.

थोडा हिशोब मांडू. १२० च्या लयीत एका मात्रेत चार स्वर वाजवले तर सेकंदाला आठ स्वर होतात. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद. १६० वर हाच वाटा ९४ मिलिसेकंदांवर येतो. आवाज ऐकून त्यावर साधी प्रतिक्रिया द्यायला, नुसतं एक बटण दाबायला, माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. याचा सरळ अर्थ असा की चुकलेला स्वर कानावर पडून हाताला आवर घालेपर्यंत पुढचा स्वर वाजून गेलेला असतो. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली एका गाजलेल्या निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला होता. संगीतकाराची बोटं सेकंदाला सोळा आघातांपर्यंत जातात. तेव्हा ‘एक स्वर वाजला, तो जाणवला, म्हणून पुढचा वाजवला’ अशी साखळी शक्यच नाही. हालचालींचा पूर्ण क्रम मेंदूत आधीच बांधलेला असला पाहिजे आणि तो एका दमात सुटला पाहिजे.

तबला ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे नवं नाही. ‘तिरकिट’ वाजवणारा ति, र, कि, ट अशी चार अक्षरं मोजत बसत नाही. तो एक बोल आहे, एका झटक्यात निघणारा. गिटारवरची लिक, म्हणजे चार-सहा-आठ स्वरांचा नेमका तुकडा, तशीच बोलासारखी बांधावी लागते. रिफची गोष्ट थोडी वेगळी. तो गाण्याचा कणा असतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याची परीक्षा एकदा वाजण्यात नसून पन्नासाव्यांदाही तसाच वाजण्यात असते. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी एक छोटी चाचणी. गिटार बाजूला ठेवा. डाव्या हाताची बोटं टेबलावर टेकवा आणि करंगळीपासून तर्जनीपर्यंत ती भराभर एकामागोमाग आपटा, आपण कंटाळलो की नकळत करतो तशी. चार ठोके पाव सेकंदाच्या आसपास सहज होतात. आता उजव्या हातात पिक धरा आणि एकच तार, डाव्या हाताची कसलीही पर्वा न करता, वर-खाली खरवडत राहा. थोडं सैल सोडलंत तर सेकंदाला आठ-दहा आघात पहिल्याच आठवड्यातल्या विद्यार्थ्यालाही जमतात. याचा अर्थ कच्चा वेग दोन्ही हातांत आधीच आहे. अडचण आहे ती दोन्ही हात एकाच क्षणी भेटण्याची, आणि त्याहून मोठी अडचण आहे एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाण्याची. गिटारवादक डिक डेलनं १९६२ साली ‘मिझरलू’ ही जुनी पूर्व भूमध्य सागरी धून सर्फ गिटारवर आणली, तेव्हा तो सगळा थरार मुख्यतः एका तारेवर पिक अखंड थरथरवत ठेवून उभा केला होता. वेगाचा पहिला धडा म्हणून मी नवख्यांना एका तारेवरचेच तुकडे देईन. तिथे अडथळा सर्वांत कमी असतो आणि वेगात हात कसा वाटतो याची चव लगेच मिळते.

आता तार बदलण्याचा प्रश्न जवळून पाहू, कारण सगळं गुपित इथेच आहे. गिटार मांडीवर घेतली की सर्वांत बारीक, पहिली तार जमिनीच्या बाजूला असते आणि दुसरी तिच्या वर. समजा सहा स्वरांचा एक तुकडा आहे : पहिल्या तारेवर ५, ७, ८, ७, ५ हे फ्रेट आणि दुसऱ्या तारेवर ८. पिक खाली, वर, खाली, वर, खाली अशी आलटून पालटून चालली आहे. पाचवा आघात खाली जाणारा. तो झाला की पिक पहिल्या तारेच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूला गेली. सहावा आघात मात्र दुसऱ्या तारेवर, खालून वर. त्यासाठी पिक दोन तारांच्या मधल्या फटीत यायला हवी, आणि वाटेत पहिली तार आडवी आहे. तिला ओलांडायला पिकला उडी मारावी लागते. पुढचा आघात पुन्हा पहिल्या तारेवर, आणि आता वाटेत दुसरी तार आडवी. पुन्हा उडी. सहा स्वरांत दोन उड्या. ८० च्या लयीत या उड्या जाणवतही नाहीत. १३० ला त्याच हाताला कुलूप लावतात.

आता त्याच जागी दुसरा तुकडा घ्या : पहिल्या तारेवर ५, ८, ७, ५ आणि दुसऱ्या तारेवर ८, ६. स्वर सहाच. पण आता पहिल्या तारेवर चार आणि दुसऱ्या तारेवर दोन स्वर आहेत. खालच्या आघातानं सुरुवात केली तर दोन्ही तारांवरचा शेवटचा आघात वर जाणाराच येतो. पिकची वाट किंचित तिरकी ठेवली, म्हणजे खाली जाताना ती तारांमध्ये रुतते आणि वर येताना तारांच्या पातळीबाहेर हवेत निघते, तर प्रत्येक वेळी तार बदलायच्या क्षणी पिक आधीच हवेत असते. वेगळी उडी मारावीच लागत नाही. हा तुकडा त्याच विद्यार्थ्याच्या हातून त्याच दिवशी पहिल्यापेक्षा कितीतरी जलद निघतो, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

ट्रॉय ग्रेडी या अमेरिकी गिटारवादकानं या एका गोष्टीचा अनेक वर्षं पिच्छा पुरवला. गिटारवरच छोटा कॅमेरा बसवून, चित्रण संथ करून त्यानं एकेका नामवंत वादकाच्या पिकची वाट तपासली. त्याच्या मांडणीचं सार असं : पिकची वाट तिरकी असली की एका दिशेचा आघात तारांतून ‘सुटतो’ आणि दुसऱ्या दिशेचा ‘अडकतो’, आणि जलद वादक आपले तुकडे असे रचतात की तार बदलण्याची वेळ सुटणाऱ्या आघातानंतर येईल. स्वीडनचा इंग्वे माल्मस्टीन हे त्याचं लाडकं उदाहरण. १९८४ च्या ‘रायझिंग फोर्स’ या अल्बमनं ज्याच्या वेगानं जगभरच्या पोरांची झोप उडवली, त्याच्या वादनात वर जाणाऱ्या आघातानंतर तार बदलण्याकडे स्पष्ट कल आहे. जिथे स्वरांची संख्या त्यात बसत नाही तिथे तो एखादा स्वर पिकशिवाय, डाव्या हाताच्या बोटानं तार खेचून काढतो, किंवा खाली जाणारा आघात तसाच पुढच्या तारेवर घसरू देतो. यातलं किती त्यानं ठरवून केलं आणि किती हातानं आपोआप शोधलं, हा भाग निराळा. शिकणाऱ्यानं मात्र ते डोळसपणे घ्यावं. एखादी लिक अडली की बोटांना दोष देण्याआधी कागदावर आघातांचे बाण काढावेत आणि तार कुठल्या आघातानंतर बदलते ते पाहावं. पुष्कळदा एक स्वर इकडचा तिकडे केला, किंवा सुरुवात वरच्या आघातानं केली, की गाठ सुटते.

डाव्या हाताबद्दल लोक फार बोलतात, पण तिथली गोष्ट त्या मानानं सोपी आहे. बोटं वाकवणारे जोरकस स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. अनामिका आणि करंगळी सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून ती दोन बोटं सुटी सुटी उचलणं सगळ्यांनाच जड जातं. व्यायामानं ती गाठ सैल होत नाही. तिच्याशी जुळवून घेणं हाच मार्ग. तार जेमतेम फ्रेटला टेकेल इतकंच दाबावं, फ्रेटच्या अगदी मागे दाबावं म्हणजे कमी जोर पुरतो, आणि काम झालेलं बोट फार उंच उचलू नये. किती जोर पुरेसा आहे हे तपासायचं असेल तर तारेवर बोट नुसतं ठेवून स्वर वाजवत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. ‘ठक’ असा बंद आवाज जाऊन ज्या क्षणी स्वर स्वच्छ उमटतो, तिथे थांबा. बहुतेक जण रोज त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावत असतात.

बोटांच्या संख्येपेक्षा त्यांची योजना महत्त्वाची, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे गिटारवादक जँगो राइनहार्ट. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे त्यानं कॉर्डमध्ये त्या बोटांचा जमेल तसा आधार घेतला, पण सोलो वाजवले ते मुख्यतः दोन बोटांवर, गळ्यावर आडव्याऐवजी उभी धाव घेत. १९३४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पॅरिसच्या पाच जणांच्या संचाच्या रेकॉर्ड आजही गिटारवादकांना घाम फोडतात. तीसेक वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाच्या तरुणाची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबणारा हात तोच. त्यानं गिटार सोडायचं ठरवलं होतं. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली आणि वाजवणाऱ्याची कथा सांगितली. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल लावल्या, आणि ब्लॅक सबाथ या बँडचे ते जडशीळ रिफ त्या हातातून आले.

वेगाकडे जाणारी वाट एकच नाही, हे ऐकायचं असेल तर ५ डिसेंबर १९८० ची सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमधली मैफल ऐकावी. ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ या नावानं ती पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तीन अकूस्टिक गिटार, तीन वादक. अल डी मिओला आणि जॉन मॅक्लॉक्लिन पिकनं वाजवतात. पाको दे लुसिया फ्लामेंकोच्या रिवाजानं तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून तारेवर चालवतो. मॅक्लॉक्लिन त्याआधी ‘शक्ती’ या संचात आपल्या झाकीर हुसेन यांच्या तबल्यासोबत आणि विक्कू विनायकराम यांच्या घटमसोबत वाजवत होता, आणि लयीच्या अवघड हिशेबांतून अचूक समेवर उतरण्याची ती सवय त्याच्या गिटारवर ऐकू येते. तिघांचा वेग जवळपास सारखा, पण आवाजाचा पोत वेगळा. डी मिओलाचा प्रत्येक स्वर पिकनं टोचून काढलेला, तर पाकोचा गोलसर आणि भरीव. इलेक्ट्रिक गिटारवर आणखी वाटा आहेत. अ‍ॅलन होल्ड्सवर्थला मुळात सॅक्सोफोनसारखी सलग ओळ हवी होती, म्हणून तो पिकचा आघात कमीत कमी ठेवून डाव्या हाताच्या बोटांनीच बहुतेक स्वर ठोकून काढी. एडी व्हॅन हॅलेननं १९७८ मध्ये ‘इरप्शन’ या जेमतेम पावणेदोन मिनिटांच्या तुकड्यात उजव्या हाताचं बोट गळ्यावर आपटून दूरदूरचे स्वर एका तारेत ओवले. हे तंत्र आधीही काही जण वापरत होते, पण त्या रेकॉर्डनंतर ते घराघरांत पोचलं. ज्याच्या पिकला तार बदलणं जमत नाही त्यानं लाजून बसण्यापेक्षा यातली एखादी वाट धरावी. ती पळवाट नाही, निराळा आवाज आहे.

मग रियाज कसा करावा? संथ रियाज सोडू नये, पण तो जलद हालचालीचा संथ रियाज असावा. त्यासाठी आधी जलद हालचाल कशी आहे ते ठाऊक हवं. म्हणून क्रम उलटा ठेवा. लिकचे पहिले चार स्वर घ्या आणि ते पूर्ण वेगात, एका झटक्यात, पाचव्या स्वरावर येऊन थांबतील असे वाजवा. पाचवा स्वर मात्रेवर पडला पाहिजे, तबलजी समेवर येतो तसा. मग श्वास घ्या, हात सैल सोडा, पुन्हा एकदा. पहिल्या काही खेपांना गोंधळ होईल. होऊ द्या. दहा-बारा खेपांत एखादी अशी निघते की हाताला काहीच कष्ट पडले नाहीत असं वाटतं. ती पकडायची. तिच्यात मनगट कुठे होतं, पिकचं टोक किती बाहेर होतं, हे लक्षात ठेवून तीच हालचाल मग ७० वर करायची. दोन झटके जमले की ते एकमेकांना जोडायचे. शेवटी पूर्ण लिक.

मधल्या थांबण्याला मी फार महत्त्व देतो, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक क्रम शिकवला, दहा सेकंद सराव आणि दहा सेकंद विश्रांती असा. सुरुवातीची जवळजवळ सगळी सुधारणा सरावाच्या सेकंदांत नाही, विश्रांतीच्या सेकंदांत झालेली आढळली. पुढच्या कामात असंही दिसलं की त्या विश्रांतीत मेंदू तोच क्रम सुमारे वीस पट वेगानं पुन्हा पुन्हा चालवून पाहत होता. त्याआधी २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी असाच क्रम शिकवलेल्या लोकांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं होतं. तितकेच तास जागं राहून तो फायदा मिळाला नाही. तेव्हा एक लिक सलग दोन तास घासण्यापेक्षा वीस मिनिटं तुकड्यातुकड्यानं वाजवून झोपायला जाणं शहाणपणाचं. आणि हात दुखू लागला तर त्या दिवसापुरतं थांबायचंच. कंडरांची सूज महिनोन्महिने घरी बसवते.

आवाज वाढवून, भरपूर डिस्टॉर्शन लावून रियाज करू नये. त्या गुरगुराटात हुकलेले आघात झाकले जातात. स्वच्छ आवाजावर, किंवा इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला न जोडताच, प्रत्येक स्वराला स्वतःची कड आहे की नाही ते ऐकावं. मंचावर मात्र डिस्टॉर्शन लागतंच, आणि तिथे दुसरं संकट येतं : ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्याही गुणगुणायला लागतात. त्यांना गप्प ठेवणं हा वेगवान वादनाचा अर्धा भाग आहे. जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकलेली असते, बारीक तारांवर डाव्या तर्जनीचा आडवा स्पर्श असतो. ऐकणाऱ्याला हे काही कळत नाही. त्याला फक्त ‘काय स्वच्छ वाजवतो’ एवढं जाणवतं.

रिफमध्ये तर ही शांतताच मुख्य असते. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चा (१९८६) मुख्य रिफ साधारण २१२ च्या लयीत आहे आणि जेम्स हेटफील्ड तो फक्त खाली जाणाऱ्या आघातांनी वाजवतो. सेकंदाला सुमारे सात आघात. प्रत्येक आघातानंतर हात रिकामा वर आणायचा, म्हणजे हाताचे फेरे आलटून पालटून वाजवताना सेकंदाला चौदा स्वरांना जितके पडतील तितकेच, आणि आवाज निम्म्याचा. मग हा आटापिटा कशाला? कारण वर जाणारा आघात तारेला वेगळ्या बाजूनं भिडतो आणि किंचित हलका पडतो. सगळे आघात खालचे असले की प्रत्येक स्वराचं वजन सारखं राहतं, आणि त्या सारखेपणातूनच तो यंत्रासारखा दरारा येतो. हे जमवायला ताकदीपेक्षा सैलपणा लागतो. मनगटाची हालचाल दोन-तीन सेंटिमीटरच्या आत ठेवावी, पिकचं टोक तारेखाली जेमतेम उतरू द्यावं, आणि आधी एक ओळ, मग दोन, मग पूर्ण कडवं असा दम वाढवत न्यावा.

लिक हातात बसली की तिला एका जागी पडू देऊ नये. साडेपंचवीस इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटची जागा सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते, पाचव्याची २९ आणि बाराव्याची जेमतेम १९. म्हणून नवी लिक बाराव्या फ्रेटच्या आसपास शिकावी, बोटं जवळजवळ राहतात आणि पिककडे लक्ष देता येतं. मग ती दोन-दोन फ्रेट खाली आणत पाचव्यापर्यंत, जमलं तर तिसऱ्यापर्यंत न्यावी. प्रत्येक ठिकाणी तिच्या आधी एक लांब, ठहराव असलेला स्वर घ्यावा, लिक सोडावी आणि पुन्हा लांब स्वरावर उतरावं. मागे एखाद्या मित्राला कॉर्ड धरायला सांगावं, किंवा साधा तालाचा ट्रॅक लावावा, आणि लिक पहिल्या मात्रेवरून, मग दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेवरून उचलून पाहावी. तिसरीवरून उचलताना ती हमखास पुन्हा अडखळते. तिथून पुढचे आठ दिवस फक्त तेवढंच करावं.